पुण्य आणि कपाळावरची आठी

आमच्या घराण्यात पुण्य नेहमी कपाळाला आठी घालून करायची पद्धत आहे. आजी एकादशी करायची ती अशी, की द्वादशीचं पारणं होईपर्यंत घरात कुणाची मोठ्यानं हसायची छाती होत नसे. आईनं चाळीस वर्षं आल्यागेल्याचं केलं, पण पाहुण्यानं पायरी उतरल्यावर ओट्याशी उभं राहून 'माझं मेलीचं नशीब' हे भरतवाक्य म्हटल्याखेरीज एकाही पाहुणचाराची सांगता झाली नाही. नाना, म्हणजे माझे वडील, मराठीचे मास्तर. शाळा सुटल्यावर कच्च्या मुलांना फुकट शिकवायचे. मात्र चेहरा असा, की यांनी फी घेतली असती तर स्वस्तात सुटलो असतो, असं त्या मुलांना वाटावं. आपल्याला त्रास झाला म्हणजे दुसऱ्याचं भलं झालं, हे समीकरण मी पाढ्यांच्या आधी शिकलो.

पुढे बी. कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो. क्लार्क म्हणून लागलो, अजून क्लार्कच आहे. हल्ली आम्हाला 'असोसिएट' म्हणतात. पगारावर या शब्दाचा काही परिणाम झालेला नाही. कॉमर्सनं मला एकच गोष्ट पक्की शिकवली: प्रत्येक नोंदीला समोरची नोंद असते. त्यामुळे मी मनातल्या मनात एक 'त्याग खातं' उघडून ठेवलं होतं. कुणासाठी काही केलं, की लगेच जमा. व्याज कुणी देत नाही, पासबुक कुणी भरून देत नाही, पण शिल्लक मात्र मला मध्यरात्री उठवून विचारा.

२०२२ साली नानांना अर्धांगवायूचा झटका आला आणि या खात्यात भराभर भरणा होऊ लागला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, हात आला नाही. सकाळी त्यांना उठवणं, दात घासून देणं, आंघोळ, औषधं, रात्रीचं भांडं. हे सगळं मी करत होतो आणि, स्वतःच्या तोंडानं सांगतो, चोख करत होतो. औषधाची वेळ पाच मिनिटांनी चुकली नाही. फक्त चेहरा आमचा घराण्याचा होता.

त्याच सुमारास माझी बदली वसई भागातल्या शाखेत झाली. निर्मळच्या आसपास एका वाडीत आम्ही तळमजला भाड्यानं घेतला. चहूकडे केळी, मागे विहीर, वर घरमालकांचं कुटुंब. घरमालक ख्रिस्ती. पुण्याच्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न: "तिकडे भाषेचं कसं करता?" आता काय सांगायचं! ही माणसं घरात सामवेदी बोली बोलतात, चर्चमध्ये मराठीत प्रार्थना म्हणतात आणि इथल्याच नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. भाषेचं व्हायचं ते माझ्या मुलीचं झालंय, इंग्रजी शाळेत.

घरमालकांचा धाकटा मुलगा तेव्हा तेवीस वर्षांचा. माझ्यासारखाच बी. कॉम. नोकरी शोधत होता आणि ती मिळेपर्यंत चर्चच्या युवकांचं काम करत होता. त्याला तिकडे 'ॲनिमेटर' म्हणतात. पहिले दोन महिने माझी समजूत, पोरगा कार्टून काढतो. मग २०२४ चा उन्हाळा आला आणि त्याचं खरं काम काय ते मला ओसरीवर बसून दिसायला लागलं.

पहाटे सहाच्या मिस्साला हा हजर. नऊ ते बारा चर्चच्या हॉलमध्ये लहान मुलांचं उन्हाळी शिबिर. ऐंशी-नव्वद पोरं, आणि एकही आपल्या जागेवर नाही. मी काउंटरपलीकडे पेन्शनरांची रांग सांभाळतो, म्हणून मला त्यातली अडचण कळते. दुपारी हा आजारी माणसांच्या घरी. चारला फुटबॉल. त्यातून मे म्हणजे लग्नसराई, तेव्हा कुणाच्या मांडवात खुर्च्या, कुणाच्या घरी पाण्याचे पिंप. शिवाय मे हा या लोकांकडे मरियामातेचा महिना. वाडीवाडीतल्या क्रुसापाशी संध्याकाळी माणसं जमून रोझरी म्हणतात. तिथे सतरंजी घालायला हाच आणि उचलायलाही हाच. रात्री साडेनऊला पथनाट्याची तालीम. अकराच्या सुमारास मोटारसायकल फाटकात शिरायची आणि आम्हाला कळायचं ते तिच्या आवाजावरून नव्हे, तर हा गात यायचा त्यावरून. मानधन म्हणून जे काही मिळायचं त्यात त्या मोटारसायकलचं पेट्रोलही भागत नसावं.

तर सांगायची गोष्ट ही, की हा मुलगा सबंध उन्हाळाभर खूश होता. आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच होता.

त्यानं दमावं. वैतागावं. निदान एकदा फाटकाशी उभं राहून 'कुठून हा उद्योग गळ्यात घेतला' असं म्हणावं. मग मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं असतं, 'चालायचंच, सेवा म्हटली की हे आलंच.' एका खातेदारानं दुसऱ्या खातेदाराला म्हणावं तसं. पण तो सापडायला तयार नव्हता. एकदा मीच विचारलं, "काय रे, एवढी धावपळ. कंटाळा येत नाही?"

"येतो ना काका," तो म्हणाला. "दुपारी तीन वाजता भयंकर येतो."

"मग काय करतोस?"

"तीनचे चार होईपर्यंत थांबतो." आणि हसत निघून गेला. याला काय तत्त्वज्ञान म्हणायचं!

एके दिवशी तो त्याच्या आईनं दिलेली सुकेळी घेऊन खाली आला. वाळवलेली केळी. नानांना आवडतात, पण दातांना जमत नाहीत. हा पलंगावरच बसला, बारीक तुकडे करून देऊ लागला. मग त्यानं विचारलं, "आजोबा, हात किती वर जातो?" मी वर्तमानपत्राच्या आडून म्हटलं, "जात नाही. दोन वर्षं रोज करून घेतोय." खरंच करून घेत होतो. सकाळी सात वाजता, 'नाना, हात उचला. डॉक्टरांनी सांगितलंय. उचला. नाही, नीट उचला.' आणि नाना उचलायचे नाहीत.

या पोरानं त्यांना शिबिरातलं एक अभिनयगीत म्हणायला लावलं. पाखरू उडालं की हात वर, पाखरू बसलं की हात खाली, असलं काहीतरी. सहा वर्षांच्या मुलांचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे माझे वडील, ज्यांनी हयातभर संधी-समाससुद्धा कधी हसून सांगितले नाहीत, ते पाखरू झाले. डाव्या हातानं उजव्याला आधार दिला आणि पाखरू बोटभर उडालं. नाना हसले. झटक्यानंतर त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं जातं, त्यामुळे ते हसणं तिरकं दिसलं. पण हसणंच होतं. मी इतक्या जवळून ते फार वर्षांनी पाहिलं.

मला आनंद झाला का? झाला. पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी झालं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ट्रायल बॅलन्स मांडताना शेवटच्या बेरजेला आपली बाजू कमी निघावी, तसं झालं. सातशे सकाळी माझ्या, आणि पाखरू उडालं ते याच्या वीस मिनिटांत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नानांनी विचारलं, "आज तो येणार आहे का?"

मी म्हटलं, "मी आहे ना."

"ते माहीत आहे," नाना म्हणाले.

हा प्रश्न मी शाखेतल्या एका सहकाऱ्यापुढे टाकला. त्यानं तत्त्वज्ञानात एम. ए. केलंय, म्हणून त्याला कॅशवर बसवलाय. डब्यातली मटकी कालवत तो म्हणाला, "तू म्हणजे कांट आहेस." मी आधी हा अपमान समजलो. मग त्यानं खुलासा केला. कांट हा जर्मन तत्त्वज्ञ. त्यानं १७८५ साली एका ग्रंथात असं मांडलं, की ज्याला मुळातच दुसऱ्याला मदत करायला आवडतं, त्यानं केलेली मदत छान, कौतुकास्पद, सगळं खरं, पण तिला नैतिक मोल म्हणून वेगळं काही नाही. तो आपली आवड भागवतोय. ज्याचं मन दुःखानं काळवंडलंय, ज्याला कुणाबद्दल काही वाटेनासं झालंय, आणि तरीही जो केवळ कर्तव्य म्हणून उठून मदत करतो, त्याचं मोल खरं.

मी डबा बाजूला ठेवला. माझ्या दोनशे वर्षं आधी, कोणिग्जबर्गसारख्या दूरच्या गावात बसून एका माणसानं माझं त्याग खातं ऑडिट करून पास केलं होतं! त्या दिवशी मी घरी गेलो तो वेगळ्याच तोऱ्यात. नानांना दूध देतानाही मला वाटत होतं, यात नैतिक मोल साधारण किती टक्के असावं?

पण कॅशवरची माणसं आज दिलेलं उद्या परत मोजतात. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "एक राहिलंच. कांट हयात असतानाच शिलर नावाच्या कवीनं त्याची यावरून टर उडवली होती. आपल्याला मित्र आवडतात आणि त्यांचं काही करायलाही आवडतं, म्हणजे आपण सद्गुणी नाहीच की काय, अशी त्यानं खोटी-खोटी काळजी केली. आणि उपाय काढला, की मित्रांचा तिटकारा करायला शिकावं, म्हणजे मग कर्तव्य शुद्ध होईल. कांटला तसं म्हणायचं नव्हतं, हेही खरं. आनंद झाला की मोल गेलं, असं तो म्हणत नाही. आनंद नसताना मोल दिसून येतं, एवढंच."

म्हणजे माझा हिशेब पुन्हा सस्पेन्स अकाउंटला.

मग मी नानांना विचारलं. सरळ नाही. आमच्याकडे सरळ विचारायची पद्धत नाही. "नाना, दान कसं द्यावं म्हणतात हो आपल्याकडे?" नाना डोळे मिटून होते. म्हणाले, "गीता. सतरावा अध्याय. दान तीन प्रकारचं. द्यायला हवं म्हणून, परतफेडीची आशा न धरता दिलेलं, ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा जिवावर येऊन, कुंथत दिलेलं, ते राजस." तामसावर ते गेलेच नाहीत. डोळे उघडून त्यांनी माझ्या हातातल्या औषधाच्या पेल्याकडे पाहिलं आणि आ केला.

मास्तर तो मास्तर. छडी लागली तरी वळ दिसू नये, हे कसब अजून शाबूत होतं.

घरमालकांशी बोललो तर ते म्हणाले, आमच्यातही तेच आहे. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दात्याचा चेहरा कसा असावा हे सांगून ठेवलंय, आणि तो आमच्या घराण्याचा चेहरा नव्हे. शिवाय त्यांच्याकडे फिलिप नेरी नावाचे सोळाव्या शतकातले एक संतच आहेत, रोममधले, ज्यांची ख्याती विनोदाबद्दल. लोक आपल्याला फार मोठं समजायला लागले की ते अर्धीच दाढी करून रस्त्यात फिरायचे, अशी गोष्ट सांगतात. त्यांचा सण २६ मे, म्हणजे ऐन शिबिरात. आमच्या परंपरेत विनोदी संत शोधायला गेलो तर सापडतीलही. आमच्या घरात येऊन ते गंभीर झाले असावेत.

आता तुम्ही म्हणाल, तो मुलगा अगदीच देवमाणूस होता. तसंही नाही. मे संपता संपता त्याची आई पाणी भरताना माझ्या बायकोला म्हणाली, "सगळ्या गावाच्या म्हाताऱ्यांना भेटतो. घरात स्वतःची आजी आहे, तिला तांब्याभर पाणी द्यायला याला वेळ नाही. ते मी द्यायचं." हे ऐकून मला जे समाधान झालं ते सांगण्यासारखं नाही. सबंध संध्याकाळ मी शीळ वाजवत होतो. दुसऱ्याच्या त्रुटीवर एवढी शीळ वाजवणारा माणूस पुण्याचे हिशेब ठेवतो, ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला रात्र झाली.

आणि मुख्य म्हणजे तक्रार ओळखीची होती. १९९९ साली, मी कॉलेजात असताना, बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला जायचं ठरवलं होतं. दर मे महिन्यात तिथे तरुण मुलं जमून अंगमेहनतीची कामं करायची. फॉर्मही भरला होता. नाना म्हणाले, "घरातल्या माठात पाणी नाही आणि निघालाय चंद्रपूरला बांध घालायला. घरचं कर, तीच सेवा." मी गेलो नाही. माठ भरला. बाबा आमट्यांनी वरोऱ्याला कुष्ठरुग्णांसाठी जे उभं केलं त्याचं नाव त्यांनी 'आनंदवन' का ठेवलं असेल, 'त्यागवन' का नाही, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. पंचवीस वर्षं उशिरा पडला.

जूनच्या पहिल्या रविवारी पोरांनी बावखल साफ करायला काढलं. बावखल म्हणजे इथलं गोड्या पाण्याचं तळं. वाडीच्या शेजारी खोदलेलं असतं, पावसाचं पाणी धरतं, आसपासच्या विहिरींना झरे देतं. समुद्र जवळ, त्यामुळे जमिनीतलं गोडं पाणी हटलं की खारं आत सरकतं. पूर्वी घरटी नाही तरी वाडीगणिक बावखल असायचं. आता बरीचशी बुजवून त्यावर बिल्डिंगा झाल्या. उरलेल्यांचा गाळ पावसाच्या आत काढायला हवा. मी मुद्दाम गेलो, आणि खरं सांगतो, खात्यात भरघोस जमा करायच्या हेतूनंच गेलो. गुडघाभर चिखलात उभं राहून घमेली पुढे द्यायची. पहिल्या अर्ध्या तासात माझी पँट गेली, दुसऱ्यात चष्मा गेला आणि एका पोरानं तो गाळातून शोधून माझ्या नाकावर तसाच, चिखलासकट बसवला. मी हसत सुटलो. चार तास कसे गेले कळलं नाही. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "फार त्रास झाला का हो?" आणि मी तोंड उघडलं तर सांगायला काहीच नाही. जमा शून्य. रात्री कंबर धरली, चार दिवस सुटली नाही, म्हणून अब्रू वाचली.

त्या चार दिवसांतलीच गोष्ट. रात्री दोनच्या सुमारास नाना पलंगावरून घसरले. त्यांना उचलायला गेलो तर माझी कंबर वाकेना. बायकोला एकटीला पेलेना. मी जिन्याखालून हाक मारली. तो आला. बनियन, विस्कटलेले केस, एक डोळा मिटलेला. तो हसला नाही. गायला नाही. 'आजोबा' देखील म्हणाला नाही. नानांच्या काखेत हात घालून त्यांना उचललं, पलंगावर नीट ठेवलं. त्यांचं धोतर ओलं झालं होतं. मी म्हटलं, "राहू दे, मी बदलतो." तो म्हणाला, "तुम्ही वाकू नका," आणि बदललं. एक मोठी जांभई दिली. सकाळी सहाला त्याला पुन्हा मिस्साला जायचं होतं, आणि ते आठवून त्याच्या कपाळावर, मी दिव्याच्या उजेडात नीट पाहिलं, अस्सल आमच्या घराण्यातली आठी पडली होती. कांटनं त्या पंधरा मिनिटांपुरता तरी त्याला पहिल्या वर्गात पास केलं असतं.

तो गेल्यावर नाना म्हणाले, "झोपमोड झाली रे त्याची."

मी म्हटलं, "हो."

"तुझीही रोज होते," नाना म्हणाले. थोडा वेळ गेला. मग म्हणाले, "तुझ्या तोंडाकडे बघितलं ना, की वाटतं कर्जात आहोत. हप्ता थकलाय."

बँकेत वीस वर्षं काढली. थकलेला कर्जदार काउंटरशी कसा उभा राहतो, कुठे बघतो, हात कुठे ठेवतो, हे मला माहीत आहे. आपले वडील दोन वर्षं तसे पडून आहेत हे मला दिसलं नव्हतं.

हे सगळं त्या पोराला सांगायचं मनात होतं. पण जुलैत त्याला अंधेरीला नोकरी लागली. सकाळची विरार गाडी, रात्री नऊला परत. पहिल्या महिन्यातच त्याचं गाणं बंद झालं. आता फाटकाची कडी वाजते. रविवारी मात्र येतो, आणि त्याच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे हल्ली आजीला पाणीही देतो. एकूण नोकरीनं माणूस सुधारतो की बिघडतो, हे पुन्हा सस्पेन्सला.

पहिले काही दिवस नाना संध्याकाळी सहाला फाटकाकडे बघत राहायचे. मी बघितलंच नाही असं दाखवायचो. सातव्या की आठव्या दिवशी मी खिडक्या लावल्या, बायको बाजारात गेल्याची खात्री केली आणि पलंगाच्या कडेला बसून ते पाखराचं गाणं सुरू केलं. माझा आवाज बँकेत 'नेक्स्ट' म्हणण्यापलीकडे कधी वापरलेला नाही. दुसऱ्या ओळीला तो फाटला, तिसऱ्या ओळीला मी शब्द विसरलो आणि थांबलो. नानांचा उजवा हात डाव्याच्या आधारानं अर्ध्यावर आला होता, तो तसाच हवेत.

"थांबलास का?" नाना म्हणाले.

"पुढचं येत नाही."

"मग पहिल्यापासून म्हण," हात खाली न घेता ते म्हणाले. "आणि जरा खालच्या पट्टीत. वर माणसं राहतात."